चहाला गेलेल्या माणसाचं कुलूप

परवा टीममधल्या ज्युनिअरने विचारलं, "दादा, एसएम१२ मधला हा लॉक उडवू का? जुना दिसतोय." मी जवळजवळ ओरडलोच. का, ते सांगतो, पण आधी थोडा इतिहास.

१९६५ साली डायक्स्ट्रासाहेबांनी विद्यार्थ्यांना परीक्षेत एक कोडं घातलं. पाच कॉम्प्युटर, पाच टेप ड्राइव्ह, प्रत्येकाला शेजारचे दोन हवेत. सगळ्यांनी आधी उजवीकडचा पकडला तर? बसा जन्मभर वाट बघत! पुढे टोनी होअरने कॉम्प्युटरचे तत्त्वज्ञ केले. (उपाशी तत्त्वज्ञ जास्त लक्षात राहतात.) १९६८ मध्ये आयबीएमच्या हॅवेंडरने यावर उपाय लिहिले. त्यातले दोन अगदी घरगुती: हवं ते सगळं एकदम मागा, नाहीतर सगळ्यांनी एकाच ठरलेल्या क्रमाने मागा.

आता सॅप. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत काढलेली कंपनी. १९९२ ला आर/३ आलं. त्यात स्क्रीन बदलला की वर्क प्रोसेस दुसऱ्या युजरकडे जाते आणि डेटाबेस कमिट होतो. म्हणजे डेटाबेसचे लॉक गेले, आणि युजर तर ऑर्डर उघडून चहाला गेलाय. म्हणून लॉक टेबल वेगळं, एन्क्यू सर्व्हरच्या मेमरीत. पण हे कुलूप म्हणजे निव्वळ सभ्यपणाचा करार. ज्या प्रोग्रामने विचारलंच नाही त्याला कोणी अडवत नाही.

एक ऑर्डर आणि तिच्या तीन डिलिव्हरी एकत्र लॉक करायच्या असल्या की आपण काय करतो? लूप लावतो. तिसरी डिलिव्हरी दुसऱ्याकडे असली की फॉरेन लॉक एक्सेप्शन येतं, आणि आधी घेतलेले लॉक आपल्याच नावावर लटकत राहतात. खरं तर एन्क्यू फंक्शनला कलेक्ट नावाचा पॅरामीटर आहे. मागण्या आधी गोळा होतात, मग फ्लश एन्क्यू कॉल करायचं. एक जरी लॉक मिळाला नाही तरी एकही लागत नाही. हॅवेंडरचा पहिलाच उपाय की हा!

मला हे चार वर्षांपूर्वी माहीत नव्हतं. माझ्या झेड प्रोग्राममधल्या लूपमुळे असे लटकलेले लॉक रोज पडायचे आणि मी ते रोज झाडू मारल्यासारखे डिलीट करायचो. महिनाअखेरीला क्लायंटकडून फोन आला, "नोंद लॉक आहे." उडवला. तो लॉक मात्र जिवंत होता. डिस्पॅचमधल्या एक बाई ती नोंद उघडून बसल्या होत्या. फोन करणाऱ्याने आत जाऊन संख्या वाढवली, सेव्ह केलं. पाच मिनिटांनी बाईंनी आपल्या स्क्रीनवरून सेव्ह केलं आणि जुनी संख्या परत बसली. ट्रक कमी माल घेऊन गेला.

शेवटचा बदल कोणाच्या नावावर? बाईंच्या. बोलणी त्यांनी खाल्ली. मी खरं सांगायला दोन दिवस लावले.

असो. ज्युनिअरला म्हटलं, आधी त्या युजरला फोन कर. तिने केला. माणूस जेवायला गेला होता.