सगळे उचलायचे की वाचत जायचे?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यातील सर्व लेखांची एकत्र प्रत कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. ती एक्सएमएल पद्धतीने लिहिलेली एक मोठी फाइल असते. समजा, तिच्यातून रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरचा लेख काढायचा आहे. नुसता शब्द शोधला, तर इतर लेखांत उल्लेख झालेले राजापूरही सापडेल. आपल्याला हवे आहे शीर्षकातले राजापूर. शीर्षक कोणते आणि मजकूर कोणता, हे सांगणाऱ्या खुणा दस्तऐवजातच घालणे, ही एक्सएमएलची मूळ कल्पना.

ही कल्पना जुनी आहे. १९६९ मध्ये आयबीएम कंपनीत चार्ल्स गोल्डफार्ब व सहकाऱ्यांनी अशा खुणांची भाषा रचायला घेतली. तिच्यातून १९८६ मध्ये एसजीएमएल हे आंतरराष्ट्रीय मानक झाले. त्याचे सुटसुटीत रूप म्हणजे एक्सएमएल. ते १० फेब्रुवारी १९९८ रोजी प्रसिद्ध झाले.

खुणा वाचायच्या कशा, याची दोन उत्तरे त्याच वर्षी पुढे आली. ऑक्टोबरमध्ये मान्य झालेल्या 'डॉम' पद्धतीत साधारणपणे संपूर्ण दस्तऐवजाचा वृक्ष संगणकाच्या स्मृतीत उभा करतात. कोणत्याही फांदीवर केव्हाही जाता येते. पण हा वृक्ष मूळ फाइलीच्या कित्येक पट जागा घेतो.

डेव्हिड मेगिन्सन आणि इतरांची 'सॅक्स' पद्धत मे महिन्यातच आली होती. तिच्यात फाइल क्रमाने वाचली जाते आणि 'शीर्षक सुरू झाले', 'शीर्षक संपले' अशी वर्दी मिळत राहते. शीर्षक राजापूर नसेल, तर तो लेख सोडून द्यायचा. त्यामुळे फाइल कितीही मोठी असली तरी स्मृती थोडीच लागते. मात्र मागे वळता येत नाही. राजापूरच्या गंगेसारखेच हे: वाहते आहे तोवर तांब्या भरून घ्यायचा! २००४ मध्ये जावा भाषेसाठी 'स्टॅक्स' आली. तिच्यात वर्दीची वाट न पाहता आज्ञावलीच पुढचा भाग मागून घेते.

मराठीसाठी आणखी एक काळजी घ्यावी लागते. फाइल तुकड्यातुकड्याने वाचली जाते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. 'राजापूर' मध्ये काने आणि ऊकार धरून ७ चिन्हे, म्हणजे २१ बाइट. तुकडा चिन्हाच्या मध्येच संपला, तर उरलेले बाइट राखून पुढच्या तुकड्याला जोडावे लागतात. केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेली आज्ञावली नेमकी येथे फसू शकते.

हे सांभाळले, तर शाळेतल्या जुन्या संगणकावरही अख्खा मराठी विकिपीडिया वाचून काढता येतो. वेळ लागेल, पण काम अडणार नाही.