किम यॉन-क्योंग: क्लबची की स्वतःची?

दक्षिण कोरियाची व्हॉलीबॉलपटू किम यॉन-क्योंग हिचा जन्म 1988 सालचा. पुढे तिची उंची 192 सेंटीमीटर भरली, पण शाळेत ती बुटक्या मुलींत मोजली जाई. त्यामुळे नेटजवळ उडी मारून स्मॅश मारण्याऐवजी तिच्या वाट्याला सर्व्हिस उचलण्याचे आणि चेंडू चढवून देण्याचे काम आले. उंची वाढली ती थेट हायस्कुलात. उंच खेळाडूंत सहसा न आढळणारी बचावाची सफाई तिच्या खेळात आली ती या उशिरामुळेच.

कोरियात व्यावसायिक लीग 2005 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी किम ह्युंगकुक लाइफ या विमा कंपनीच्या संघात दाखल झाली. आदल्या हंगामात तळाला असलेला हा संघ पहिल्याच वर्षी विजेता ठरला. चार हंगामांनंतर क्लबने तिला आधी जपानच्या जेटी संघाकडे आणि 2011 मध्ये इस्तंबूलच्या फेनरबाचेकडे उसनवारीवर पाठवले. 2012 मध्ये फेनरबाचेने युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच उन्हाळ्यात लंडन ऑलिंपिकमध्ये कोरिया चौथा आला, तरी 207 गुण मिळवणारी किमच सर्वोत्तम खेळाडू ठरली. पदक न मिळालेल्या संघातील खेळाडूला हा मान मिळणे विरळाच.

आणि नेमका तेव्हाच तंटा उभा राहिला. देशातील नियमानुसार मोकळे होण्यासाठी एकाच क्लबकडून सहा हंगाम खेळावे लागत. परदेशातील वर्षे त्यात धरता येणार नाहीत, असे ह्युंगकुकचे म्हणणे. 30 जून 2012 रोजी करार संपला, असे किमचे. प्रकरण कोरियाच्या संसदेपर्यंत गेले. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने किमच्या बाजूने कौल दिला. मात्र फेनरबाचेला ह्युंगकुकला बदलीशुल्क द्यावे लागले. निर्णय तसा मधलाच, पण करार संपल्यावरही खेळाडू क्लबचीच, हा दावा त्याने निकालात काढला.

ती 2017 पर्यंत फेनरबाचेत राहिली. त्यानंतर शांघाय आणि एज्झाजिबाशी हे क्लब झाले. 2020 मध्ये, कोरोनाच्या काळात, ती ह्युंगकुकमध्येच परतली. संघाच्या एकूण वेतनावर मर्यादा असल्याने सहकाऱ्यांचे पैसे कापले जाऊ नयेत म्हणून तिने वर्षाला 35 कोटी वोनवर समाधान मानले. युरोपातील कमाईपुढे ही रक्कम किरकोळच. टोकियो ऑलिंपिकमध्ये कोरिया पुन्हा चौथा आला आणि तिने राष्ट्रीय संघ सोडला.

एप्रिल 2025 मध्ये कोरियन लीगच्या पाच सामन्यांच्या अंतिम मालिकेत ह्युंगकुक 3-2 ने जिंकले. शेवटच्या सामन्यात 34 गुण मिळवून किम निवृत्त झाली.