खरेदीखताची नोंद: इंग्लंड आणि मॅसॅच्युसेट्स

इ. स. १५३६ च्या कायद्याने इंग्लंडात जमिनीच्या खरेदीखताची नोंद सहा महिन्यांच्या आत वेस्टमिन्स्टर येथील न्यायालयात अथवा त्या त्या काउंटीच्या दप्तरात करणे आवश्यक ठरविले. परंतु आपली मिळकत व तीवरील बोजे चारचौघांस कळावेत, हे जमीनदारवर्गास रुचणारे नव्हते. वकिलांनी युक्ती शोधली: प्रथम एका वर्षाचा पट्टा लिहून द्यावयाचा व लगोलग दुसऱ्या खताने उरलेला हक्क सोडावयाचा. दोहोंपैकी एकासही तो कायदा लागू पडत नसे! ही पळवाट पुढे दोन शतकांहून अधिक काळ रूढ राहिली.

मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने १६४० साली उलट दिशा धरली. विकणाराच ताब्यात राहिला असेल, तर नोंदीवाचून विक्री वा गहाण तिऱ्हाइतावर बंधनकारक होईना. नोंदीत संपूर्ण खताची नक्कल नको होती. देणारा, घेणारा, मिळकत, तीतील हक्क आणि तारीख एवढे पुरे. पुढे हे दप्तर काउंटीच्या कचेरीत स्थिरावले. भारताच्या १९०८ च्या कायद्यात मात्र नोंदलेला दस्त (हा शब्द फारसी, मूळ अर्थ 'हात') नोंदीच्या दिवसापासून नव्हे, तर, नोंदणीची अट नसती तर ज्या वेळी अंमलात आला असता, त्या वेळेपासून लागू होतो.