जेहानचं जर-तर

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं! जर-तर करणाऱ्याचं तोंड बंद करायला आमच्या मुरगूडला एवढी म्हण पुरते. तरी आज थोडं जर-तर करणार आहे. कारण आमचा भाचा. कोल्हापूरजवळच्या मोहिते ट्रॅकवर कार्ट चालवून आला आणि रात्री जेवताना म्हणाला, "मामा, मी एफ-वन ड्रायव्हर होणार." ताईने माझ्याकडे बघितलं. म्हणजे, आता तूच सांग याला.

मग त्याला जेहान दारूवालाची गोष्ट सांगितली.

जेहान मुंबईचा पारशी मुलगा. २०११ साली विजय मल्ल्यांच्या फोर्स इंडिया संघाने देशभरातून कार्ट चालवणारी मुलं शोधली. निवडलेल्या तिघांत हा बारा-तेरा वर्षांचा पोरगा होता. पुढे २०१९ साली एफ-थ्री अजिंक्यपद स्पर्धेत तो तिसरा आला. २०२० साली रेड बुलने त्याला आपल्या ज्युनियर ड्रायव्हरांत घेतलं आणि तो एफ-टूमध्ये, म्हणजे एफ-वनच्या उंबरठ्यावर पोचला. ६ डिसेंबर २०२० रोजी बहारीनला त्याने तिथली पहिली शर्यत जिंकली. दुसरा आला त्याच्याच संघातला, त्याच्यासारखाच रेड बुलचा ज्युनियर, जपानचा युकी सुनोदा.

मार्च २०२१ मध्ये त्याच बहारीनला सुनोदा एफ-वनच्या गाडीत बसला होता. जेहान एफ-टूतच.

अन्याय झाला म्हणून ओरडावंसं वाटतं, पण ते खोटं ठरेल. त्या वर्षी सुनोदाचे गुण होते २००, जेहानचे ७२. मात्र सुनोदाच्या पाठीशी होंडाही होती, आणि रेड बुलच्या गाड्यांना इंजिनं होंडाचीच होती. हेही खरंच.

आता माझं जर-तर. २०१८ साली फोर्स इंडिया आर्थिक गाळात रुतली. कॅनडाचे उद्योगपती लॉरेन्स स्ट्रोल आणि त्यांच्या भागीदारांनी ती घेतली. २०१९ पासून त्या संघाच्या एका गाडीत कोण? स्ट्रोलसाहेबांचा मुलगा लान्स! समजा, तो संघ बुडाला नसता. समजा, २०१३ नंतर बंद पडलेली नोएडाची एफ-वन शर्यतही चालू राहिली असती. मग ज्या संघाने जेहानला शोधलं, त्याच संघाच्या गाडीत २०२२ च्या सुमारास तो घरच्या ट्रॅकवर दिसला असता. जगज्जेता झाला असता असं मी म्हणत नाही. कधी नववा, कधी सातवा आला असता. पण आमचा भाचा टीव्हीसमोरून हलला नसता.

प्रत्यक्षात २०२२ साली जेहानने मॅक्लारेनची एफ-वन गाडी चाचणीत चालवली. २०२३-२४ च्या मोसमात तो विजेवरच्या फॉर्म्युला-ई शर्यतींत मासेरातीकडून उतरला. एवढं करून दाखवणारे आपल्याकडे किती आहेत? तरी एफ-वनच्या शर्यतीत बसायची खुर्ची काही मिळाली नाही.

आपल्या कुस्तीच्या मुलखाला यात नवल वाटू नये. खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीने. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये दिले. तेव्हा कुठे ते ब्राँझपदक आलं. खर्डेकर सरांनी तेव्हा हात आखडता घेतला असता, तर आज खाशाबांबद्दलही आपण असंच जर-तर करत बसलो असतो.

भाचा सगळं ऐकून म्हणाला, "म्हणजे मी चालवू की नको?"

चालव की. जेहानही आधी कार्टच चालवत होता. फक्त ताई, घर गहाण ठेवायची वेळ आली तर आधी मला फोन कर.