जखमांची वही कुणाच्या कपाटात?

आजची गोष्ट आहे एका वहीची. अमेरिकेतल्या कारखान्यात कुणाचं बोट मशीनमध्ये गेलं, कुणाला कामामुळे दम्याचा त्रास जडला, की त्याची नोंद या वहीत व्हायला हवी. पण ही वही वाचतं कोण?

1970 साली तिथे कामगार सुरक्षेचा कायदा झाला आणि 1971 मध्ये 'ओशा' ही सरकारी यंत्रणा सुरू झाली. नोंदी ठेवणं मालकांना बंधनकारक झालं. पण वही राहिली मालकाच्याच कपाटात! वर्षाचा गोषवारा तेवढा भिंतीवर लागायचा. सरकार नमुना सर्व्हे करायचं, पण त्यात कंपन्यांची नावं गुप्त. सगळं बघायचं तर इन्स्पेक्टरनं दारात जायला हवं.

आणि लिहिणारा मालकच असेल, तर हात आखडता घेणारच की! इथे आपला एक दुखरा धागा जुळतो. भोपाळमध्ये 1984 साली जो वायू सुटला, तोच युनियन कार्बाइडच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या इन्स्टिट्यूट गावच्या कारखान्यातही बनायचा. तिथे 1985 मध्ये दुसऱ्या एका रसायनाची गळती झाली. ओशानं तपासणी केली आणि 1986 मध्ये 13 लाख डॉलरहून जास्त दंड सुचवला. आरोपांत एक होता, कामगारांच्या जखमा नोंदवल्याच नाहीत!

मग 2016 चा नियम आला: मोठ्या आस्थापनांनी या नोंदी ऑनलाइन पाठवायच्या, आणि जखम कळवली म्हणून कामगाराला त्रास द्यायचा नाही. 2017 मध्ये पोर्टल सुरू झालं, पण फक्त गोषवाऱ्यासाठी. एकेका अपघाताचा तपशील पाठवायची अट 2019 मध्ये काढून टाकली. कारण दिलं, कामगारांची प्रायव्हसी. 2023 मध्ये ती परत आली, 2024 पासून लागू झाली: ठरावीक धोकादायक उद्योगांत, 100 किंवा जास्त कामगार असतील तिथे. जखमीचं नाव मात्र पाठवायचं नाही.

ऑनलाइन झालं म्हणून खोटी नोंद खरी होत नाही, हे मलाही मान्य. पण आज हे गोषवारे कुणीही डाउनलोड करू शकतं. नोकरी धरण्याआधी तिथे किती जण जखमी झाले, हे बघता येतं. शेजारच्या दहा गोदामांत जखमा आणि एकाच ठिकाणी शून्य? मग तो शून्यच बोलायला लागतो. कपाटातल्या वहीत तो गप्प होता.

भेटू पुढच्या भागात. काम करताना जपा!