दि. बा. पाटील : पनवेलचा आमदार आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब

डिसेंबर १९८४. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लोकसभा निवडणुकीत महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. उरलेल्या पाचांत बारामतीचे शरद पवार होते, राजापूरचे मधू दंडवते होते, गिरणी संपाचे दत्ता सामंत होते. आणि कुलाबा मतदारसंघातून शेतकरी कामगार पक्षाचे दिनकर बाळू पाटील. त्या लाटेत ही जागा कशी तरली, हे समजून घ्यायचे तर त्याच वर्षाच्या जानेवारीत, आणि त्याआधी पनवेलच्या मतपेटीत डोकवावे लागते.

दिबांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई गावी झाला. आगरी शेतकऱ्याचे घर, खाडीकाठची भातशेती. पुढे ते वकील झाले. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने राज्य ढवळून निघाले असताना ते पनवेलमधून प्रथम विधानसभेवर गेले. ती विधानसभा तेव्हा मुंबई द्विभाषिक राज्याची होती. १९६२, १९६७ आणि १९७२ या तिन्ही निवडणुकांत पनवेलने त्यांनाच पुन्हा पाठवले. समितीची लाट ओसरली, अनेक विरोधी नेते काँग्रेसमध्ये विसावले. हा मतदारसंघ मात्र लाल बावट्यापासून हलला नाही.

१९७२ चा निकाल ध्यानात ठेवण्याजोगा आहे. २७० जागांच्या सभागृहात काँग्रेसचे २२२ आमदार, शेकापचे अवघे सात. तरीही विरोधी पक्षनेतेपद दिबांकडे आले. सात जणांच्या बळावर सरकारला धारेवर धरायचे, तर हाताशी उरते ते केवळ कायद्याचे ज्ञान आणि आवाज. दिबांपाशी दोन्ही होते.

दरम्यान त्यांच्याच मतदारांच्या पायाखालची जमीन सरकत होती, आणि हे शब्दशः. मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली. मुंबईचा भार हलका करण्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण भागातील ९५ गावांच्या परिसरात नवे शहर उभारायचे ठरले. शेती, मिठागरे, खाजण सारे संपादनाखाली आले. भूसंपादनाचा कायदा १८९४ चा. त्यात शेतकऱ्याच्या हाती पडे तो रोख मोबदला, आणि तोही शहर वसण्यापूर्वीच्या शेतजमिनीच्या भावाने. शहर वसल्यावर वाढणाऱ्या किमतीत मूळ मालकाचा वाटा शून्य. दिबांच्या पुढील राजकारणाचा गाभा या एका विसंगतीत सापडतो.

१९७७ मध्ये ते लोकसभेवर गेले. त्या वर्षी शेकापने महाराष्ट्रात पाच जागा मिळवल्या होत्या. १९८० मध्ये पनवेलने त्यांना पाचव्यांदा आमदार केले. याच काळात न्हावा-शेवा बंदरासाठीच्या संपादनाने संघर्ष पेटला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलिसांच्या गोळीबारात पाच आंदोलक शेतकरी हुतात्मा झाले. मुख्यमंत्रिपदी तेव्हा वसंतदादा पाटील होते. जासई हे या लढ्याचे केंद्र, आणि तेच नेत्याचे जन्मगाव. अकरा महिन्यांनी मतदान झाले, तेव्हा सहानुभूतीची देशव्यापी लाट या किनाऱ्याला लागून परत फिरली. कुलाब्याचे मतदार दुसऱ्याच मृतांचा शोक करीत होते.

या लढ्यातून जे निष्पन्न झाले ते ‘साडेबारा टक्के’ या नावाने ओळखले जाते. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ खातेदाराला परत द्यायची, असा निर्णय १९९० साली झाला आणि १९९४ मध्ये त्याची व्याप्ती वाढली. सार्वजनिक सुविधांसाठी तीस टक्के वजावट होत असल्याने प्रत्यक्षात हाती पडतात पावणेनऊ टक्के. आकडा तुटपुंजा वाटेल. पण विस्थापिताला शहराच्या वाढत्या मूल्यात भागीदार करण्याचे तत्त्व येथे सरकारकडून वदवून घेतले गेले, हे त्याचे मोल आहे. पुढे विमानतळग्रस्तांसाठी हेच प्रमाण साडेबावीस टक्क्यांवर गेले.

उत्तरायुष्यात दिबांनी शेकाप सोडून शिवसेनेत प्रवेश केला. चार दशकांच्या लाल बावट्यानंतरचे हे वळण त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना रुचले नाही, आणि त्या पक्षांतरातून त्यांच्या कारकिर्दीत फारशी भरही पडली नाही. २४ जून २०१३ रोजी त्यांचे निधन झाले. त्याआधीच, २००९ मध्ये, पनवेलची जागा काँग्रेसच्या प्रशांत ठाकूर यांनी शेकापकडून हिसकावली होती. २०१४ पासून तेच ती भाजपसाठी जिंकत आले आहेत. मतदारसंघ आता इमारतींचा झाला होता, आणि नव्या मतदाराला मिठागर आठवण्याचे कारण नव्हते.

विमानतळाला बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा प्रस्ताव २०२१ मध्ये पुढे आला, तेव्हा मात्र गावे पुन्हा रस्त्यावर उतरली. १० जूनला मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, हजारोंनी सिडकोविरोधात मोर्चा काढला. वर्षभरात सरकारने भूमिका बदलली. दिबांचे नाव देण्याचा ठराव २०२२ मध्ये विधिमंडळाने संमत केला. ज्या सभागृहात ते एकेकाळी सात आमदारांनिशी उभे राहत, तेथेच.