शिक्षक नेतृत्व आणि शालेय तंत्रज्ञान

शिक्षक नेतृत्व म्हणजे वर्गातील अध्यापन न सोडता शिक्षकाने आपले सहकारी, शाळा आणि व्यापक शिक्षणव्यवस्था यांच्या कार्यपद्धतीवर टाकलेला प्रभाव होय. मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख किंवा शिक्षणाधिकारी यांचा अधिकार पदातून येतो. शिक्षक नेतृत्वाचा आधार सहकाऱ्यांचा विश्वास हा असतो. शाळांमधील तंत्रज्ञानाच्या वापरासंदर्भात ही संकल्पना विशेष महत्त्वाची ठरली आहे. साधने शाळेत पोहोचणे आणि ती दैनंदिन अध्यापनाचा भाग होणे या दोन वेगळ्या प्रक्रिया असून दुसरी प्रक्रिया मुख्यतः शिक्षकावर अवलंबून असते. महाराष्ट्रात अध्यापनात तंत्रज्ञान वापरणाऱ्या व इतरांना ते शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी 'तंत्रस्नेही शिक्षक' ही संज्ञा रूढ आहे.

संकल्पना

शिक्षक नेतृत्वाची चर्चा १९८० च्या दशकात अमेरिकेतील शालेय सुधारणांच्या काळात वाढीस लागली. मर्लिन कॅट्झेनमायर आणि गेल मोलर यांच्या 'अवेकनिंग द स्लीपिंग जायंट' (१९९६) या ग्रंथाने शाळेतील बदलाची सुप्त शक्ती शिक्षकांमध्ये असल्याचे प्रतिपादन केले. जेनिफर यॉर्क-बार आणि कॅरन ड्यूक यांनी २००४ मध्ये तोवरच्या सुमारे दोन दशकांच्या संशोधनाचा आढावा घेतला. शिक्षक एकट्याने किंवा सामूहिकरीत्या सहकारी, मुख्याध्यापक आणि शालेय समाजातील इतर घटकांवर प्रभाव टाकून अध्यापन व अध्ययन सुधारतात, ती प्रक्रिया म्हणजे शिक्षक नेतृत्व, अशा आशयाची व्याख्या त्यांनी मांडली. या व्याख्येत विद्यार्थ्यांचे शिकणे हे अंतिम उद्दिष्ट आहे. त्यामुळे केवळ उपकरणे हाताळण्यातील कौशल्य म्हणजे नेतृत्व ठरत नाही.

सैद्धांतिक चौकट

ली शुलमन यांनी १९८६ मध्ये अध्यापनशास्त्रीय आशयज्ञानाची कल्पना मांडली. विषय येणे आणि शिकवण्याची सामान्य तंत्रे येणे एवढे पुरेसे नसून, विशिष्ट घटक विद्यार्थ्यांना कसा समजतो व कोठे अडतो याचे ज्ञान शिक्षकाजवळ असावे लागते, असा तिचा गाभा आहे. पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोलर यांनी २००६ मध्ये त्यात तंत्रज्ञानाच्या ज्ञानाची भर घालून 'टीपॅक' ही चौकट विकसित केली. तिच्यानुसार चंद्राच्या कला शिकवताना सचलचित्र उपयुक्त ठरेल की चेंडू आणि विजेरी पुरेशी होईल, हा निर्णय विषय, विद्यार्थी आणि साधन या तिन्हींची जाण असलेली व्यक्तीच घेऊ शकते.

रुबेन प्वेन्तेदुरा यांच्या 'एसएएमआर' प्रारूपात तंत्रज्ञान वापराचे पर्यायी साधन, सुधारणा, फेरबदल आणि पुनर्रचना असे चार स्तर मानले आहेत. फळ्यावरील मजकूर पडद्यावर दाखवणे हा पहिला स्तर होय. अन्य प्रदेशातील विद्यार्थ्यांसह एखादा प्रकल्प पूर्ण करणे, म्हणजे साधनाशिवाय शक्य नसलेले काम करणे, हा शेवटचा स्तर मानला जातो.

युनेस्कोने शिक्षकांसाठीची माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानविषयक क्षमतांची चौकट २००८ मध्ये प्रसिद्ध केली. २०११ आणि २०१८ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. तिसऱ्या आवृत्तीत १८ क्षमता नमूद आहेत. 'आयएसटीई' या संस्थेच्या २०१७ च्या शिक्षक मानकांमध्ये शिक्षकाच्या सात भूमिका सांगितल्या असून नेतृत्व ही त्यांपैकी एक आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

शिक्षण-इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी 'टीचर्स अँड मशीन्स' (१९८६) या ग्रंथात चित्रपट, रेडिओ, दूरचित्रवाणी आणि संगणक यांच्या शालेय वापराचा मागोवा घेतला. प्रत्येक साधनाचे स्वागत मोठ्या अपेक्षांनी झाले, प्रत्यक्ष वर्गातील वापर मात्र मर्यादित राहिला, असे त्यांनी दाखवले. निर्णय वर्गाबाहेर घेतले गेले आणि शिक्षकांच्या कामाच्या परिस्थितीचा विचार झाला नाही, हे त्यांनी सांगितलेले एक प्रमुख कारण होते.

भारतात १९७५-७६ च्या 'साइट' या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांपर्यंत कार्यक्रम पोहोचवण्यात आले. त्यांत शालेय कार्यक्रमांचाही समावेश होता. १९८४-८५ मध्ये 'क्लास' प्रकल्पाद्वारे शाळांना संगणक देण्यास प्रारंभ झाला. केंद्र सरकारची शाळांतील माहिती तंत्रज्ञानविषयक योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली.

केवळ साधनवाटपाच्या मर्यादेचे बहुचर्चित उदाहरण पेरू देशातील आहे. तेथील 'प्रत्येक मुलामागे एक लॅपटॉप' कार्यक्रमाच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनात, संगणकांची उपलब्धता मोठ्या प्रमाणात वाढूनही गणित व भाषेच्या चाचण्यांतील गुणांवर परिणाम आढळला नाही. याच आंतरराष्ट्रीय उपक्रमाचा एक प्रायोगिक प्रकल्प २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत राबवण्यात आला होता.

महाराष्ट्रातील स्वरूप

महाराष्ट्रातील जिल्हा परिषद शाळांमध्ये तंत्रज्ञानाचा प्रसार बऱ्याच अंशी शिक्षकांच्या पुढाकारातून आणि लोकवर्गणीतून झाला. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील शाळा हे त्याचे आरंभीचे उदाहरण म्हणून ओळखले जाते. तेथील डिजिटल वर्ग पाहण्यासाठी अन्य जिल्ह्यांतील शिक्षक येत आणि परत जाऊन आपापल्या गावात तसा प्रयत्न करीत. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाल्यानंतर डिजिटल शाळांच्या चळवळीला गती मिळाली. केंद्र स्तरावरील शिक्षण परिषदा तसेच शिक्षकांनी तयार केलेली संकेतस्थळे, ध्वनिचित्रफिती आणि व्हॉट्सॲप गट ही या प्रसाराची प्रमुख माध्यमे होती.

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्याच्या परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडून कविता, ध्वनिचित्रफिती आणि स्वाध्याय उपलब्ध करून दिले. अनेक विद्यार्थ्यांची मातृभाषा कन्नड असल्याने त्यांनी ती भाषा शिकून पाठ्यसामग्रीचे भाषांतरही केले. २०१७ मध्ये राज्यातील पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड समाविष्ट करण्याचा निर्णय झाला आणि पुढे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या पुस्तकांतही ते आले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले यांना दहा लाख डॉलर रकमेचा ग्लोबल टीचर पुरस्कार जाहीर झाला. हा पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय होत. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य नऊ शिक्षकांमध्ये वाटण्याचे जाहीर केले. एका वर्गातील उपाय राज्याच्या धोरणात रूपांतरित झाल्याचे हे उदाहरण शिक्षक नेतृत्वाच्या चर्चेत वारंवार दिले जाते.

केरळमधील प्रारूप

केरळमध्ये २००१ साली 'आयटी ॲट स्कूल' प्रकल्प सुरू झाला. २०१७ मध्ये त्याचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. प्रत्येक शाळेतील एका शिक्षकाकडे माहिती तंत्रज्ञान समन्वयकाची जबाबदारी सोपवणे आणि प्रशिक्षक शिक्षकांमधूनच निवडणे ही या प्रारूपाची वैशिष्ट्ये होत. शाळांमध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा स्वीकार केल्यामुळे साधने स्थानिक गरजेनुसार बदलणे शक्य झाले. महाराष्ट्रात शिक्षकांचा पुढाकार प्रामुख्याने व्यक्तिगत व ऐच्छिक राहिला, तर केरळमध्ये त्याला प्रशासकीय रचनेत स्थान मिळाले, हा दोन्ही राज्यांतील महत्त्वाचा फरक आहे.

राष्ट्रीय धोरण

'दीक्षा' या राष्ट्रीय डिजिटल मंचाचे उद्घाटन ५ सप्टेंबर २०१७ रोजी झाले. पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडद्वारे या मंचावरील साहित्य पाहता येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचे सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास प्रशिक्षण घेणे अपेक्षित आहे. शिक्षणातील तंत्रज्ञानाविषयी विचारविनिमयासाठी स्वायत्त राष्ट्रीय मंच स्थापन करण्याची शिफारसही या धोरणात आहे.

कोविड-१९ काळातील अनुभव

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर महाराष्ट्रात 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' हा उपक्रम राबवण्यात आला. 'असर' २०२० च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील शाळेत दाखल असलेल्या मुलांपैकी ६१.८ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०१८ मध्ये हे प्रमाण ३६.५ टक्के होते. उर्वरित मुलांसाठी अनेक शिक्षकांनी वस्तीवर लहान गटांत अध्यापन, छापील स्वाध्यायपत्रिका आणि साध्या भ्रमणध्वनीवरील संवाद यांचा अवलंब केला. सोलापूरच्या नीलमनगर परिसरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवून घेतले. तंत्रज्ञान कोठे अपुरे पडते हे ओळखून दुसरा मार्ग काढणे हेही शिक्षक नेतृत्वाचेच अंग असल्याचे या काळात दिसून आले.

मर्यादा आणि टीका

पायाभूत सुविधांची विषमता ही मूलभूत अडचण आहे. 'यूडायस प्लस' २०२३-२४ नुसार देशातील सुमारे ५७ टक्के शाळांमध्ये संगणक, तर सुमारे ५४ टक्के शाळांमध्ये इंटरनेट होते. लोकवर्गणीतून मिळालेल्या साधनांच्या दुरुस्तीसाठी आणि वीजबिलासाठी निश्चित तरतूद नसल्यास ती काही वर्षांत निरुपयोगी होण्याची शक्यता असते.

दुसरा आक्षेप कामाच्या भाराविषयी आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामे देता येत नाहीत. तथापि ऑनलाइन माहिती भरण्याच्या कामामुळे अध्यापनाचा वेळ कमी होतो, अशी तक्रार शिक्षक संघटना सातत्याने करतात. तंत्रस्नेही शिक्षकाकडे अशी कामे स्वाभाविकपणे अधिक येतात. परिणामी ज्या कौशल्यामुळे त्याचे अध्यापन समृद्ध व्हावे, तेच त्याला वर्गापासून दूर नेण्याचा धोका निर्माण होतो.

तिसरी मर्यादा सातत्याची आहे. एका व्यक्तीच्या उत्साहावर उभा राहिलेला उपक्रम तिच्या बदलीनंतर खंडित होऊ शकतो. त्यामुळे पुरस्कार आणि गौरवाबरोबरच वेळापत्रकात राखीव वेळ, सहकाऱ्यांचे अभ्यासगट, शाळा व्यवस्थापन समितीचा सहभाग आणि निर्णयप्रक्रियेत स्थान यांची आवश्यकता अभ्यासक मांडतात. युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण संनियंत्रण अहवालाचा विषय शिक्षणातील तंत्रज्ञान हाच होता. हे साधन नेमके कोणाच्या अटींवर वापरले जाते, हा प्रश्न त्याच्या शीर्षकातच उपस्थित केला आहे.